बाद फेरी

मार्केट यार्डात बारदानाचा धंदा करणाऱ्या मकसूदभाईंचा दोन गोष्टींत कुणी हात धरणार नाही. एक म्हणजे दाभण आणि सुतळीने फाटकं पोतं शिवणं, आणि दुसरी म्हणजे भारताची फुटबॉल टीम हरली की पुढचे तीन दिवस गिऱ्हाइकांवर डाफरणं. आता भारताची टीम किती वेळा हरते ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ज्यांना पोती स्वस्तात हवी असत ते आधी कालच्या मॅचची चौकशी करत आणि मगच दुकानाची पायरी चढत.

हे वेड त्यांना एकट्याला नव्हतं. त्यात अर्धा वाटा कचरूचा. कचरू एसटीच्या स्वारगेट आगारात मेकॅनिक होता. दोघे भवानी पेठेत एका गल्लीत वाढले, चिंध्या भरलेल्या पोत्याच्या चेंडूवर खेळले. मकसूद गोली, कचरू डाव्या बाजूला. चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, यावरून त्यांनी एकदा महिनाभर अबोला धरला होता. तो मिटला तेव्हा एकच ठरलं, की बाकी कशातही थाप मारायची, फुटबॉलमध्ये नाही.

या वेडाचं मूळ मात्र मकसूदचे वडील, अझीमचाचा. चौसष्ट साली आशियाई करंडकात भारत दुसरा आला. वर्तमानपत्रात बातमी होती दोन ओळींची. चाचांनी त्या दोन ओळींवर दुकानाच्या फळीवर बसून अख्खी मॅच उभी केली. कोरियाला आपण दोन-शून्यने हरवलं, एवढंच छापलेलं होतं. पण चाचांच्या मॅचमध्ये वारा होता, चिखल होता, आणि दुसऱ्या गोलच्या वेळी कोरियाच्या गोलीच्या बुटाची नाडी सुटली होती. "नाडी बांधू की चेंडू धरू, असं झालं बघा त्याला!" असं म्हणून चाचा स्वतः वाकून नाडी बांधायचे, आणि दहा वर्षांची ती दोन पोरं गोल झाला म्हणून नाचायची. नाडीची गोष्ट चाचांच्या पदरची आहे हे पोरांना मिसरूड फुटल्यावर कळलं. पण तोवर ती इतकी आपली झाली होती की खरी काय नि खोटी काय!

स्पर्धेत त्या साली चारच संघ होते, असं आगारात कुणी खवचटपणे म्हणालं की कचरू म्हणे, "वर्गात चारच पोरं असली तरी दुसरा तो दुसराच. तू कितवा होतास?"

पुढे सगळं वाट पाहणंच. चौऱ्याऐंशीला आपण सिंगापूरला गेलो आणि एकही गोल न करता परत आलो. दोन हजार अकराला दोह्यात तेरा गोल खाल्ले. एकोणीस साली मात्र थायलंडला चार गोल मारले, आणि बहारीनशी नुसती बरोबरी झाली असती तरी बाद फेरी गाठली असती. कचरूने त्या संध्याकाळी पेढे आणून ठेवले होते. नव्वद मिनिटं संपली तेव्हा त्याने पुड्याचा दोरा सोडला. आणि इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी! कचरूने पुडा होता तसा पुन्हा बांधला आणि फडताळात ठेवून दिला. चोवीस साली तर पुडा आणलाच नाही, हे बरंच झालं, कारण तीनही मॅच गेल्या.

"मरायच्या आधी एकदा बाद फेरी ऐकायची आहे," असं तो तेव्हापासून म्हणू लागला.

गेल्या पावसाळ्यात कचरूला अर्धांगाचा झटका आला. कात्रजला मुलाकडे, संजयकडे, तो अंथरुणाला खिळला. नजर अंधूक झाली, कान जवळपास गेले. पात्रता फेरी कुठली आणि मुख्य स्पर्धा कुठली, हेही त्याला उमगेनासं झालं. पण मॅच आहे एवढं कळे आणि निकाल तो मकसूदच्याच तोंडून ऐके.

दिवाळीच्या तोंडावर सिंगापूरने आपल्याला गोव्यात, आपल्याच अंगणात, हरवलं. पुढच्या आशियाई करंडकाचं दारच बंद झालं. सकाळी मकसूदभाई स्वारगेटहून कात्रजची बस धरून गेले, ते रात्रभर साठवलेल्या रागासकट. चपला काढता काढताच ते ओरडले, "कचरू, आपण बाद!"

कचरूने मान वळवली. "बाद फेरी?"

"अरे, बाद, बाद!"

"बाद फेरीत गेलो?" कचरूचा अर्धा चेहरा हलत नव्हता, पण उरलेला अर्धा असा काही उजळला की मकसूदभाई एक चप्पल पायात तशीच ठेवून आत आले. "हिरा! पेढे आण!"

चहा घेऊन आलेली कचरूची बायको, हिरावहिनी, दारातच थांबली. ती मकसूदभाईंकडे बघत होती. डोळ्यांत पाणी, आणि मान 'सांगू नका' म्हणून हलत होती.

"कोणाशी आहे?" कचरूने विचारलं.

मकसूदभाईंच्या तोंडून फुटबॉलमधली आयुष्यातली पहिली थाप बाहेर पडली. "कोरियाशी. रविवारी."

घरी येऊन त्यांनी बायकोला, खातूनला, हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोल दिया ना, अब निभाओ."

चार दिवस मकसूदभाईंना अन्न गोड लागलं नाही. मित्राला फसवायचं, तेही फुटबॉलमध्ये! आणि खरं सांगावं तर तो उजळलेला अर्धा चेहरा विझवायचा कसा? शिवाय आजच्या खेळाडूंची खोटी मॅच रचायला त्यांचं मनच घेईना. रविवारी ते कचरूच्या उशाशी बसले, त्याच्या कानाला तोंड लावलं, आणि जी एकच मॅच त्यांना पाठ होती ती सांगायला लागले.

वारा आला. चिखल आला. पहिला गोल झाला. कचरू डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्या गोलच्या वेळी मकसूदभाई आपसूक वाकले, बापासारखेच. "आणि कोरियाचा गोली..."

"नाडी," कचरू म्हणाला.

मकसूदभाई वाकलेलेच राहिले.

"नाडी बांधू की चेंडू धरू," कचरू सावकाश, अडखळत म्हणाला. "चाचा कसे वाकायचे रे!" आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी उशीवर गळलं, आणि मकसूदभाईंनाही मग आवरेना.

"कचरू, आपण खरं तर..."

"माहीत आहे." त्याने चांगल्या हाताने मित्राचं मनगट धरलं. "चौसष्टला यापुढची मॅच इस्रायलशी. ती आपण हरतो. ती नको सांगू. इथंच शिट्टी वाजव."

मकसूदभाईंनी दोन बोटं तोंडात घातली आणि भवानी पेठेत वाजवायचे तशी लांबलचक शिट्टी वाजवली. हिरावहिनी पेढ्यांचा पुडा हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली.

"अहो भावजी, शेजारी काय म्हणतील!"

"म्हणू दे," कचरू म्हणाला. "तू दोरा सोड."