अर्जावरचा नंबर

आमच्याकडं मुलीचा मोबाईल नंबर कुठल्याच कागदावर लिहीत नाहीत. रेशनकार्ड असो, बँक असो, कॉलेजचा फॉर्म असो, नंबर भावाचा नाहीतर वडिलांचा. त्यामुळं माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला तेव्हाही नाव माझं घातलं आणि हात आपोआप दादाचा नंबर लिहून मोकळा झाला. आपण काही चूक करतोय असं मला वाटलंही नाही.

अर्ज वहिनीसाठी होता. तिला सातवा महिना लागला होता आणि जवळच्या मुरुम गावच्या डॉक्टरांनी बीपी वाढतंय म्हणून दर आठवड्याला तपासायला सांगितलं होतं. गावात आरोग्य उपकेंद्र आहे, पण त्याला कायम कुलूप. सिस्टर येतात म्हणे, कधी येतात ते कुणाला ठाऊक नाही. रिक्षानं मुरुमला जायचं तर रस्ता असा, की त्यानंच बीपी वाढावं. वहिनीचे पाय संध्याकाळी सुजत. ती ते साडीखाली ओढून घेई आणि मी पाहिलंय हे तिला कळू नये म्हणून मी दुसरीकडं बघे.

मला माणसांशी बोलायला जमत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, उमरग्यात मावशीकडं राहून झालेली. गावात बोलताना शब्द आधी मनात जुळवावे लागतात. अर्ज म्हणजे न बोलता विचारणं, म्हणून मला तो आवडला. आमच्या उपकेंद्रात कुणाची नेमणूक आहे, भेटीचे दिवस कोणते, एवढंच विचारलं. कोर्ट फीचं तिकीट लावलं आणि उमरग्याच्या आरोग्य कार्यालयात देऊन आले. त्या दिवसापासून जिवाला स्वस्थता नव्हती. पोस्टमनची गाडी वाजली की मी दारात.

उत्तर आलं ते दादाकडं, फोनवर. तो घरी आला तो चप्पल न काढताच स्वयंपाकघरात.

"कलेक्टर झालीस का गं तू?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"हापिसातून बातमी सरपंचांकडं बी गेलीया. हॉटेलात सगळ्यांपुढं इचारतेत, बहिणीला निवडणुकीला उभं करायलाव का म्हणून. माझी विहिरीच्या अनुदानाची फाईल त्यांच्या हातात हाय, ठावं हाय न्हवं तुला? सांगितलं म्या हापिसात, अर्ज नको म्हणून."

"पण दादा, वहिनीचं बीपी..."

"तिला म्या नेतो की मुरुमला."

वहिनी तव्यावरची भाकरी उलटत होती. "गेल्या आठवड्यात बी नेणार हुता," ती तव्याकडंच बघत म्हणाली. दादा बाहेर निघून गेला.

मला रात्रभर झोप आली नाही. दादा खोटं बोलत नव्हता. विहीर खरंच अडकली असती. अर्ज मागं घ्यावा असं दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. सकाळी उमरग्याला जायला आवरून बघते तर वहिनी पिशवी घेऊन दारात उभी.

"मी बी येते. बीपी माझं हाय."

कार्यालयातल्या क्लार्कनी अर्ज काढून समोर ठेवला. "तुमच्या भावानं नको म्हणून सांगितलंय, ताई."

बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं उडून गेली. "अर्ज माझा आहे," एवढंच आलं.

"नंबर तर त्यांचाय."

मी पेन मागितलं, दादाचा नंबर खोडला आणि वर माझा लिहिला.

"खाडाखोड केली तिथं सही करा," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष वहिनीकडं गेलं आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली. "लेखी उत्तर मुदतीत येईल घरी."

"तवर हे थांबंल का?" वहिनीनं पोटावर हात ठेवून विचारलं.

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, आता साहेब बोलावणार, दादाला पुन्हा फोन जाणार. ते आले आणि उभ्यानंच म्हणाले, "दर मंगळवारी, सकाळी. हे तिथं पाटीवर पाहिजे खरं तर."

मंगळवारी आम्ही उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन बसलो. वहिनीनं कुणाकुणाला सांगितलं होतं, आणखी तीन बायका आल्या. ऊन भिंतीवरून पायरीवर उतरलं. मी सारखी उठून रस्त्याला जात होते. शेवटी सिस्टर स्कूटीवर आल्या.

"अर्ज कुणी केला?" कुलूप काढता काढता त्यांनी विचारलं.

"मी."

"बरं. सगळी गावं माझ्या एकटीच्या गळ्यात हायेत, ते पण लिहायचं की." आवाजात राग कमी, दमणूक जास्त होती. त्यांनी वहिनीच्या दंडाला पट्टा बांधला, एकदा बघितलं, जरा थांबून पुन्हा बघितलं. वहिनी मशीनकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

"आजच उमरग्याला न्या. उद्यावर ढकलू नका."

मी दादाला फोन लावला. तो सरपंचांच्या घरी बसला होता. मागं माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी कुठून बोलतेय आणि सिस्टर काय म्हणाल्या, ते सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग मोटारसायकलला किक मारल्याचा. फोन बंद करायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.