तीन सिलिंडरची सुमनवहिनी

सुमनवहिनी व्हॅन सुरू करायची, पण लगेच निघायची नाही. शेजारच्या सीटवर डावा तळहात सपाट टेकवून जरा वेळ गप्प बसायची. तेवढ्यात कोणी त्या सीटवर बसायला गेलं तर त्याला दारातच थांबवायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गाडीला नमस्कार करतेय. तसं म्हणालो तर हसली.

"नमस्कार कसला, भाऊजी? तिघी उठल्या का बघते."

त्या छोट्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खालीच असतं. ड्रायव्हर जवळजवळ इंजिनाच्या डोक्यावर बसतो. तिघी म्हणजे त्याची तीन सिलिंडर. वहिनीने त्यांना जावा करून टाकलं होतं: थोरली, मधली आणि धाकटी. "एका चुलीवर तिघी जावा हायत. एक रुसली तरी दोघी रांधतात, पण घर हलतं." मी रोह्याच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, पंप आणि मोटारींमध्ये आयुष्य गेलं. एक सिलिंडर बंद पडल्यावर इंजिन काय करतं हे मला कोणी विचारलं, तर मी आजही हेच सांगतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं मूळ घर पेणजवळ जित्याला. दादाने ती व्हॅन घेतली ती पेणच्या गणपतींसाठी. एरवी भाजी, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचे पेशंट असं काही ना काही असायचं, पण गाडीची खरी कमाई श्रावण लागल्यापासून चतुर्थीपर्यंतची. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती भरायच्या आणि रोह्याच्या घराघरांत पोचवायच्या. शाडूची मूर्ती वाळली की फार नाजूक होते. डिझेलचा टेम्पो नुसता उभा असला तरी थरथरतो, आणि त्या थरथरीने मूर्तीच्या मनगटाला आधी केसाएवढी चीर जाते. पेट्रोलचं हे इंजिन लहान, आठशे सीसीच्याही आतलं, पण नीट राखलं तर अंगाला कळत नाही असं चालतं. म्हणून ज्यांना शाडूचीच मूर्ती हवी, ती माणसं दादाची व्हॅन सांगायची.

दादा काविळीने गेला. दिवसकार्य आटपल्यावर गाडीचं काय करायचं हा प्रश्न आला आणि तो मी सोडवायला घेतला. वडखळचं एक गिऱ्हाईक बघितलं, बोलणीही केली. वहिनीने गाडी चालवायचं म्हटलं तेव्हा मी तिला ओसरीवर बसवून आकडे समजावले. इंजिनाची ताकद चाळीस घोड्यांचीही नाही. रेडिएटर पुढे, इंजिन मधे, पाण्याचे पाइप लांबलचक. एकदा तापलं की इंजिनाचं हेड गेलं. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी गेलं की जागेवर बंद. वर रोह्याच्या वाटेवरचा भिसे खिंडीचा चढ. ती पदर खोचून तांदूळ निवडत ऐकत होती.

"समदं खरं असंल," ती म्हणाली. "पर हे समदं ठाऊक असून तुमच्या दादांनी घेतलीच ना? आणि चालवलीच ना?"

मग कळलं की दादाने तिला कधीच गाडी शिकवली होती. धरमतरच्या बाजूला खाडीकाठी मोकळी जागा आहे, तिथे. परतीच्या रिकाम्या फेरीला ती चालवायची आणि दादा मागे बसून मांडीवर पाण्याने भरलेली कळशी धरायचा. पाणी सांडलं की त्याचा लेंगा भिजायचा. "शेवटी शेवटी कोरडे घरी यायचे," वहिनी म्हणाली आणि तोंड फिरवून पुन्हा तांदळाकडे बघायला लागली.

मी तरी मागे हटलो नाही. गाडी दादाच्या नावावर, दादानंतर घरातला कर्ता मी, असं मला वाटायचं. चार माणसांसमोर मी एक अट घातली: हा एक हंगाम चालव, पण एक जरी मूर्ती फुटली तरी गाडी विकायची. ती अट योग्य होती असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. वहिनीने नुसती मान हलवली. म्हणाली, "बरं. एक जरी."

त्या हंगामात मी तिचं काम जवळून पाहिलं. पाहिलं म्हणजे लक्ष ठेवलं, हे खरं. मूर्ती भरायच्या दिवशी ती चाकांतली हवा थोडी कमी करायची. तळाला पेंढ्याचा जाड थर, मग प्रत्येक मूर्तीच्या पाटाला पेंढ्याच्या पेंडीचा टेकू. मूर्तींची तोंडं रुमालाने झाकलेली. गिअर ती असा बदलायची की मागे बसलेल्याला कळायचं नाही. मागून ट्रकवाल्याने हॉर्न मारला तर काच खाली करून सांगायची, "जा बाबा, तुला घाई हाय. माझ्या गाडीत बसल्यात त्यांना चतुर्थीशिवाय उतरायचं नाय." ट्रकवाले हसून पुढे जायचे. पुढे पुढे तेच तिला ओळखायला लागले आणि गणपतीवाली बाय दिसली की हॉर्न न वाजवता बाजूने काढायचे.

व्हॅनमध्ये सगळ्यात वाईट जागा मागच्या चाकाच्या वरची. खड्डा लागला की तिथेच जास्त उसळतं. ती जागा रिकामी सोडायला सहसा कोणाला परवडत नाही. तिथे कोणाची मूर्ती ठेवायची, यावरून इतर गाडीवाल्यांचे आणि गिऱ्हाइकांचे वाद मी ऐकले आहेत. वहिनीकडे असा वाद कधी झाला नाही, आणि तो का होत नाही हे मला चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत कळलं नाही.

आमच्या घरच्या गणपतीची पाळी भावाभावांत फिरायची. त्या वर्षी ती माझ्याकडे, रोह्याला होती. शेवटच्या फेरीला मी वहिनीबरोबर पेणला गेलो. गाडी भरत आली आणि आमची मूर्ती तिने स्वतः उचलून मागच्या चाकावर ठेवली. पुढे थोडी जागा होती, ती मी दाखवली.

"ती दुसऱ्याची," वहिनी म्हणाली. "आपला मागं."

दुपार होती, पाऊस लागून राहिलेला. नागोठण्याला अंबा नदी चढली होती आणि रस्त्यावर पाणी होतं. वहिनीने पहिला गिअर टाकला आणि पाय जराही न उचलता, एकाच आवाजात गाडी पाण्यातून काढली. मी श्वास सोडला. पण भिसे खिंडीचा चढ लागला आणि सीटखालून वेगळाच हादरा यायला लागला. पाणी उडून डिस्ट्रिब्यूटर भिजला होता. वहिनीने तळहात सीटच्या कडेला टेकवला.

"मधली रुसली," ती म्हणाली.

मी थांबायला सांगितलं. टोपण काढून पुसलं तर पाच मिनिटांचं काम. ती म्हणाली, चढावर थांबले तर पुन्हा उचलताना झटका बसेल, आणि दोघींच्या जोरावर एवढं ओझं उभ्यापासून उचलणारही नाही. मला ते पटलं. माझ्या आकड्यांनीही तेच सांगितलं असतं. पण चालत राहायचं तर इंजिन धडधडत होतं आणि मागे शाडूच्या मूर्ती होत्या. वहिनीने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"भाऊजी, उतरा."

मला आधी कळलं नाही.

"तुमचं वजन उतरवा. मी थांबवत नाय, तुम्ही चालत्या गाडीतून उतरा. हळूच हाय. दार आपटू नका."

गाडी माणसाच्या चालीने चालली होती. मी उतरलो, दार अलगद लोटलं आणि गाडीच्या मागे चालायला लागलो. पावसात, चपला काखेत धरून. माझं वजन गेल्यावर इंजिनाचा आवाज जरासा सुटला. वहिनीने आवाजाची एक पट्टी धरली. तिच्या खाली उतरली तर इंजिन बंद पडणार, वर गेली तर मूर्ती हादरणार. मधल्या त्या अरुंद फटीतून तिने सगळी खिंड काढली. वळणावर नाही, खड्ड्यावर नाही, कुठेही ती पट्टी मोडली नाही. मागच्या काचेतून मला रुमाल बांधलेली तोंडं दिसत होती. ती सगळी मिळून एकाच बाजूला हलकेच झुकायची आणि सरळ व्हायची. मी यंत्रांवर काम करणारा माणूस, पण यंत्र आणि माणूस असं एकमेकांना सांभाळून चढताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ज्या बाईकडून गाडी काढून घ्यायला निघालो होतो तिच्या मागून मी चाललो होतो, आणि माझे हात आपोआप जोडले गेले होते. मूर्तींना की तिला, ते मला सांगता येणार नाही.

माथ्यावर सपाटीला तिने गाडी उभी केली. मी सीट उचलली, डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून गाडीतल्या जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडं केलं. पुन्हा चावी फिरवल्यावर तिने हात टेकवला आणि म्हणाली, "आली. चला, बसा आता. वजनाचा राग नाय ना आला?"

रोह्यात घरोघरी मूर्ती उतरल्या. प्रत्येक घरी वहिनी रुमाल थोडा बाजूला करून मनगटं, कान, सोंड बघायची, मग यजमानाच्या हातात द्यायची. एकीलाही ओरखडा नव्हता. शेवटी आमचं घर. माझी बायको शैला तांदूळ आणि पाणी घेऊन दारात उभी होती. वहिनीने रुमाल काढला. मूर्तीचा आशीर्वादाचा हात मनगटातून निखळून पेंढ्यात पडला होता.

वहिनीने तो हात पेंढ्यातून वेचला, मूर्तीच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा रुमाल बांधला. भंगलेली मूर्ती पुजता येत नाही. वहिनी आणि मी ती कुंडलिका नदीत सोडून आलो. घरी परतल्यावर तिने शैलाला विचारलं, "शैले, घरात सुपारी हाय का गो?" पाटावर तांदळाची रास घालून तिने सुपारी मांडली. त्या वर्षी तोच आमचा गणपती. मग कनवटीची किल्ली काढून तिने माझ्यापुढे धरली.

"एक फुटली, भाऊजी."

मी म्हणालो, ती तर आपली होती.

"बोली मूर्तीची झाली होती. कोनाची ते ठरलं नव्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला ठाऊक होतं की फुटणार असली तर मागच्या चाकावर ठेवलेली मूर्तीच फुटेल. आता माझ्या ध्यानात आलं, प्रत्येक फेरीला त्या जागेवर ती स्वतःचं काहीतरी ठेवत आली होती: स्वतःचा डबा, कपड्यांचं गाठोडं, दादाची ती कळशी. शेवटच्या फेरीला घरचा गणपती. आणि तो फुटला तर गाडी जाईल, हे ठाऊक असूनही तिने तो पुढे घेतला नाही.

मी किल्ली घेतली. नको म्हटलं असतं तर ते मी उपकार केल्यासारखं झालं असतं, आणि तिने ते घेतलं नसतं. ती मी सुपारीपुढे ठेवली. दीड दिवस ती तिथे फुलांत होती. येणारे विचारायचे, गाडी नवी घेतली का? शैला म्हणायची, हो, नवीनच. विसर्जनाची आरती झाल्यावर मी सगळ्यांना खोबरं-साखर वाटली आणि वहिनीच्या हातावर प्रसादाबरोबर किल्ली ठेवली. प्रसाद परत करता येत नाही. तिने मूठ मिटली. गाडी विकायची नाही, असा वडखळच्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी निरोप धाडला.

पुढे किती वर्षं ती गाडी चालली! इंजिन एकदा उतरवून झिजलेली सिलिंडर बोअर केली, पाइप बदलले, कार्ब्युरेटर मीच साफ करायचो. लोक विचारायचे, एवढंसं इंजिन इतकं टिकलं कसं? वहिनी म्हणायची, "कोनाला जास्त राबवलं नाय. रुसली तर थांबून पुसलं." शेवटी गुडघे गेले तेव्हा तिने स्वतःच गाडी चालवणं सोडलं. गेली तेव्हा रोह्याहून जी माणसं आली, त्यांतली निम्मी मला ओळखीचीही नव्हती. प्रत्येकाच्या घरी तिने कधी ना कधी एक मूर्ती उतरवली होती.

यंदा गाडी मी काढली. आता तिचं आरटीओत पासिंग होणार नाही, ही शेवटचीच फेरी. पेणला मूर्ती भरल्या, आमची सगळ्यात शेवटी उचलली. पुढे जागा होती. कारखान्यातल्या माणसाने ती दाखवलीसुद्धा. मी मागचं दार उघडलं, चाकावरचा पेंढा हाताने दाबून बघितला आणि मूर्ती तिथे ठेवली.

मग पुढे येऊन बसलो, चावी फिरवली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर तळहात टेकवला. तिघी उठेपर्यंत थांबलो.