झक्रीतच्या वाटेवर गळलेला ब्रेक

दत्ताकाका शनिवारी कायमचे गावी जाणार होते, म्हणून समुद्रकाठच्या झक्रीतला जायचं तर सुट्टीच्या शुक्रवारीच, असं ठरलं. मूळचे बीडचे असलेले काका अठरा वर्षं दोह्यात कामगारांची बस चालवत होते, पण ड्यूटीशिवाय कुठे गेले नव्हते. "एकदा मागं बसून समुद्र बघायचाय," एवढीच त्यांची मागणी. फुकटात कुणाच्या गाडीवर बसायचं नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे आठवडाभर आधीच त्यांनी माझी मोटारसायकल धुतली आणि पुढचा जाम होणारा ब्रेक स्वतः खोलून साफ केला.

सकाळी आठला दोह्यातल्या फरीज बिन ओमरानहून निघालो. दुखानचा रस्ता गुळगुळीत आहे, शेवटचा टप्पा मात्र खडीचा. जायचं तर थंडीतच जा आणि टाकी आधी भरून घ्या. वाटेतल्या शहानिया गावात चहाला थांबलो आणि पुढचं चाक तेलाने ओलं दिसलं. ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला टेकली.

तिथलं गॅरेज बंद. शुक्रवार होता, ते उघडणार नमाज आणि जेवण झाल्यावर. आम्ही पायरीवर बसलो, पराठा खाल्ला, पुन्हा चहा घेतला. आठवडाभराच्या कामाने मी आधीच पिचलो होतो, आता तर बोलायचाही कंटाळा आला. काका दर दहा मिनिटांनी चाकाकडे बघायचे.

दोनला गॅरेजवाले रशीदभाई आले. मूळचे केरळचे. त्यांनी चाकावरचा ब्रेकचा कॅलिपर सोडवला, पिस्टन बाहेर काढले आणि फुगलेलं रबरी सील माझ्यासमोर धरलं.

"इसमें चेसिस का ग्रीस किसने लगाया? इससे रबर खराब होता है, भाई."

काकांची मान खाली गेली.

"मैंने," मी म्हणालो.

रशीदभाईंनी मला पाच मिनिटं झापलं. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी जुन्या सामानातून मापाची कोरी सील शोधली, सगळं पुसलं, नवं ब्रेक ऑइल भरून हवा काढली. लिव्हर घट्ट झाली तेव्हा साडेचार वाजले होते. काकांना सहाला कामगारांच्या कॅम्पात विमानाचं तिकीट घ्यायला हजर राहायचं होतं.

"चल, माघारी," ते म्हणाले. वाटेत मला फार वाईट वाटत होतं, आणि पाठही दुखत होती.

कॅम्पच्या फाटकापाशी उतरून त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं.

"अठरा वर्षांत माझ्या नावावर एक तक्रार नाही बघ," ते म्हणाले. "आजची होती, ती तू घेतलीस." आणि मागे न बघता आत गेले.

आता ब्रेक झकास लागतो. मित्र दर शुक्रवारी झक्रीतला चल म्हणतात. मी अजून गेलेलो नाही. तो समुद्र काकांशिवाय बघायचं माझ्या जिवावर येतं.