आठव्या चालीचे चार दिवस

पोस्टाच्या शिक्क्याची तारीख मी एकदा चार दिवस मागे फिरवली. माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये ही सर्वांत मोठी, आणि ती मी बुद्धिबळाच्या एका चालीसाठी केली. चूक म्हणतो ते सवयीने. शिक्क्यातले आकडे चिमट्याने काढून दुसरे बसवावे लागतात. ते मी भर दुपारी, पोस्टात कोणी नसताना, एकेक करून बसवले.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, आमच्या गावी मी शाखा पोस्टमास्तर आहे. पोस्ट आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत. काम अर्ध्या दिवसाचं, उरलेल्या वेळात कापूस आणि सोयाबीन. तरुणपणी मला पत्राने बुद्धिबळ खेळायचा नाद लागला. एका कार्डावर एक चाल. समोरच्याचं कार्ड यायला चार-पाच दिवस, आपलं जायला तितकेच, त्यामुळे एक डाव दीड-दोन वर्षं चाले. नियम साधा होता. दर दहा चालींना विचारासाठी तीस दिवस. कार्ड हातात पडल्यापासून आपल्या उत्तरावर गावच्या पोस्टाचा शिक्का बसेपर्यंतचे दिवस विचाराचे धरायचे, प्रवासाचे कोणी मोजत नसे. तिसाच्या वर गेलं की डाव गेला. तपासायला पंच कोणी नव्हता, शिक्क्यावर सगळ्यांचा विश्वास. आणि आमच्या गावचा शिक्का माझ्या टेबलावर असे.

वर्षभरापूर्वी मी माझे जुने डाव पुन्हा तपासायला घेतले. पांढऱ्या सोंगट्या असल्या की मी बहुतेक एकच सुरुवात खेळत असे. काळा दोन्ही घोडे बाहेर काढतो, म्हणून तिला दोन घोड्यांचा बचाव म्हणतात. त्यात पांढरा लवकरच हल्ला करतो, काळा एक प्यादं सोडून देतो आणि त्या बदल्यात आपल्या सोंगट्या झपाट्याने बाहेर काढतो. आठव्या चालीला पांढऱ्याच्या उंटावर काळ्याचं प्यादं चालून आलेलं असतं. बहुतेक वेळा उंट मागे घ्यावा लागतो. कुठल्या घरात घ्यायचा, हा खरा प्रश्न. मी त्यावर तरुणपणाची कितीतरी वर्षं घातली.

तपासायची माझी एक पद्धत आहे. प्रत्येक डावाची वही मी राखली आहे. चाल, कार्ड आल्याची तारीख, गेल्याची तारीख, आणि शेवटी दिवस. पहिल्या काही चालींपुढे एक, एक, दोन असे आकडे असतात. मग कुठेतरी अचानक आठ किंवा नऊ येतो. तिथे माझं पाठांतर संपलं आणि डोकं चालायला लागलं. सुरुवात नेमकी कुठे संपते हे पुस्तक वाचून कळत नाही, त्या आकड्यावरून कळतं. त्या जागी मी पट मांडतो, स्वतःच्या विचारांशी पुन्हा भांडतो आणि मग मोबाइलमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला विचारतो. वीसेक डाव असे झाले. मग गुरुजींबरोबरचा डाव आला आणि मी थांबलो. त्या डावात आठव्या चालीपुढे दहा लिहिलेलं आहे. खरा आकडा चौदा.

गुरुजी म्हणजे बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातले निवृत्त शिक्षक. आमची भेट कधीच झाली नाही. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं, आणि चालीखाली एखादी ओळ ते हमखास लिहीत. पावसाची, नाहीतर त्यांच्या गुडघ्यांची. त्या वर्षी शेतातल्या निंदण-डवरणीच्या गडबडीत त्यांची कार्डं माझ्याकडे पडून राहिली आणि सात चालींतच माझे एकोणीस दिवस गेले. आठव्या चालीचं कार्ड आलं त्याच दिवशी मला उंट राजापुढच्या घरात घ्यावासा वाटला. सगळे तसंच खेळतात. पण मला वेगळं काही सापडायला हवं होतं. उंट स्वतःच्याच प्याद्याची वाट अडवून वजिरापुढे दोन घरांवर उभा केला तर? दिसायला बेढब चाल. मी तिच्यामागे लागलो. भान आलं तेव्हा चौदा दिवस झाले होते, म्हणजे एकूण तेहतीस. डाव नियमाने हरलेला होता. मी कार्डावर चाल लिहिली, शिक्का चार दिवस मागे नेला, ठसा उमटवला, आकडे परत जागेवर बसवले आणि कार्ड त्या दिवशीच्या टपालात घातलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. लक्षात यायला हवी होती, कारण ते माझं रोजचं काम आहे. आमच्या गावचं टपाल थैलीतून मंडलाच्या पोस्टात जातं आणि तिथे त्यावर दुसरा शिक्का बसतो. त्या शिक्क्यावर खरी तारीख पडली. कार्डावर दोन ठसे, दोहोंत चार दिवसांचं अंतर. आणि या दोन पोस्टांच्या मधे एकच माणूस होता. आमचे थैलीवाले मामा.

मामा तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. सायकलला थैली बांधून रोज मंडलाला जायचे आणि दुपारी परत यायचे. नाल्याला पूर असला तर सायकल खांद्यावर आणि थैली डोक्यावर. माझी कार्डं त्यांना फार गमतीची वाटत. उघडं कार्ड, कोणीही वाचावं, पण वाचण्यासारखं त्यात काही नसे. एकदा पारावर चारचौघांत त्यांनी मला विचारलं, "काऊन मास्तर, या कार्डात ना रामराम, ना खुशाली. घोडा इकडं, उंट तिकडं. सर्कस काढून राह्यले काय?" लोक हसले, मीही हसलो. आपल्या हातून आजवर एक चिठ्ठी हरवली नाही, हे ते पाहुण्यांनाही सांगत. इतकंच काय, लग्नाच्या बोलणीत त्यांच्या सासऱ्यांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं म्हणे.

गुरुजींनी चाल मान्य केली. वर प्रेमाने लिहिलं की तुमच्या गावाहून मंडलापर्यंत कार्डाला चार दिवस लागलेले दिसतात, यात तुमचा दोष नाही, पुढे तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी आदिलाबादच्या टपाल कचेरीत तक्रार केली आहे. पुढच्या दोन चाली मी कार्ड आलं त्याच दिवशी पाठवल्या. तक्रारीबद्दल मात्र अवाक्षर लिहिलं नाही.

पोळा झाल्यावर डाक निरीक्षक आले. माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसले. मामा दारात उभे. निरीक्षकांनी दोनच गोष्टी विचारल्या. त्या दिवसांत सुट्टी घेतली होती का, आणि मग हिंदीत, "चार दिन कार्ड किधर था?" मामा माझ्याकडे बघायला लागले. मी सांगेन असं त्यांना वाटलं असावं. इतक्या वर्षांत ते टपाल मीच त्यांच्या हातात देत आलो होतो. मी समोरच्या तराजूकडे बघत राहिलो. तारखेशी खेळ म्हणजे माझी नोकरी जाणार, हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी मला एवढंच माहीत होतं.

मामांकडून लेखी कैफियत मागितली गेली. त्यांना मराठीत सहीपुरतं लिहिता येई. कचेरीला तेलुगूत हवं होतं. संध्याकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसले. म्हणाले, "मास्तर, मायाच हातून झालं असन. थैली ओली होती त्या हप्त्यात. चिकटून राह्यलं असन कोपऱ्यात. तुमी बरं लिवा."

मी बरं लिहिलं. पावसाने थैली भिजली होती, एक कार्ड शिवणीत अडकून राहिलं, चार दिवसांनी दिसल्यावर जमा केलं, माझी चूक मला मान्य आहे, पुन्हा असं होणार नाही. त्यांनी ज्याचा नुसता अंदाज केला होता ते मी घडलेलं करून टाकलं. मराठीत वाचून दाखवलं तेव्हा ते मान हलवत होते, जणू आता त्यांनाही ते आठवत होतं. त्यांनी सही केली. त्यांची नोकरी वाचली, लेखी ताकीद मिळाली. दोन दिवसांनी शेतातली पाच-सहा वाळकं घेऊन ते आले, मी इतकं चांगलं लिहून दिलं म्हणून. ती वाळकं आमच्या घरी सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्ली.

त्यानंतर मामा बदलले. पारावर ते चिठ्ठ्यांची गोष्ट सांगेनासे झाले. रोज सकाळी माझ्यासमोर एकेक पत्र मोजून घेत, आणि मंडलात थैली उलटी करून, झटकून दाखवत. तिथले कारकून त्यांची चेष्टा करत, असं माझ्या कानावर आलं. असं रोज, ते निवृत्त होईपर्यंत. मी समोर बसून तीन कार्डं, दोन पाकिटं, एक मनीऑर्डर मोजून देत असे. निरोपाच्या दिवशी मंडलाच्या पोस्टात चहा झाला. बोला म्हणून आग्रह झाला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "एकडाव चूक झाली मायाकून. साहेबलोकायनं सांभाळून घेतलं." एवढं बोलून बसले. माझ्या हातात त्यांना घालायचा हार होता.

तरी मी बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करत वर्षं गेली. गुरुजी वारले. तो डाव बरोबरीत सुटला होता. त्यांच्या घरच्यांनी माझी सगळी कार्डं बांधून मला परत पाठवली. ती मी तशीच पेटीत टाकली होती. वही तपासताना आठव्या चालीपुढचा आकडा दिसला आणि मी ती पेटी उघडली. ते कार्ड गठ्ठ्यात मधे होतं. दोन्ही शिक्क्यांखाली गुरुजींनी लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या आणि बाजूला लिहिलं होतं, ‘टपालाची दिरंगाई. खेळाडू निर्दोष.’

त्या दिवशी मी प्रोग्रामला आठव्या चालीची जागा दाखवली. पहिल्या दिवशी सुचलेली साधी चाल आणि चौदा दिवस घालवून शोधलेली बेढब चाल, दोन्ही त्याने जवळजवळ सारख्याच ठरवल्या. मी त्याला जास्त वेळ दिला, तरी उत्तर तेच. चाल फार मोलाची निघाली असती, तर मी स्वतःला पुन्हा काहीतरी समजावलं असतं. तेही उरलं नाही. वहीत दहा खोडून चौदा लिहिलं. मग आदिलाबादच्या कचेरीला सगळा प्रकार लिहून पाठवला, जुनी ताकीद मामांच्या नावावरून काढून टाकावी अशी विनंती केली आणि माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा, असं शेवटी लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ड खिशात घालून मी मामांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होते. मी कार्ड त्यांच्या हातात दिलं, दोन शिक्के दाखवले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाटेत जे जुळवलं होतं त्यातलं निम्मं विसरलो. त्यांनी दोर मांडीवर ठेवला. कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"मंग थैलीत कार्ड नोतंच?"

"नोतं, मामा. माया टेबलावर होतं. पटाजवळ."

मला वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. त्या हप्त्यात ओली थैली मामींनी उलटी करून चुलीजवळ वाळवली होती. कार्ड तिच्याच हातून कुठे पडलं असणार, असं मामांनी तेव्हा धरलं. साहेबापुढे तिचं नाव घेतलं नाही, चूक स्वतःवर घेतली, पण घरी मात्र त्या दिवसापासून तिला थैलीला हात लावू दिला नाही. काही हरवलं, सांडलं, की त्या कार्डाचा विषय निघायचा. पोरांसमोर, सुनांसमोर. "आता आता वरी बोलत होतो म्या तिले," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता घराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, बाहेर ये. मास्तर काय म्हनून राह्यले ते आयक."

मामी पदराला हात पुसत दारात आल्या. मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, माझ्या वतीने काही सांगितलंही नाही. जे बोललो होतो ते मला पुन्हा, पहिल्यापासून बोलायचं होतं. मी चप्पल काढली आणि दाराजवळ गेलो.

"मामी, त्या वक्ताला थैलीत कार्ड नोतंच. तुमच्या हातून काई पडलं नाई, मामांच्याही हातून नाई. कार्ड मी ठेवून घेतलं होतं, तारीख मी बदलली, अन् मामांच्या नावानं खोटी कैफियतही मीच लिवली. इतकी वर्षं तुमी दोघं बोलणी खात राह्यले, अन् मी पाहत बसलो. मी चुकलो, मामी. मले माफ करा."