दीड मणाचा पहिलवान

उकंडा पहिलवानाचं वजन दीड मण. दिवसभर तो पांढरकवड्याच्या जिनात कापसाचे बोजे वाहायचा आणि पहाटे आखाड्यात घुमायचा. तांड्यावरचा देवसिंग त्याच्याच तोलाचा. या दोघांची जोड लागली की लोक झाडांवर चढून बघत. पाच मिनिटांत दहा डाव पाहायला मिळत.

१९६२च्या माघात दंगल कमिटीने बाहेरून दोन धिप्पाड पहिलवान आणले. प्रत्येकी तीनशे रुपये, वर खुराक वेगळा. ते दोघे अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे राहिले आणि कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. तोवर निम्मं मैदान रिकामं झालं होतं. आधीची उकंडा-देवसिंगची कुस्ती संपताच माणसं धोतरं झटकत उठली होती. मी फाटकावर तिकिटं फाडत होतो, माझ्यासमोरूनच ती गेली. उकंडाला मिळाले पंधरा रुपये आणि नारळ.

पुढच्या वर्षी तो कमिटीचे अध्यक्ष सदाशिवराव यांच्याकडे गेला. सदाशिवराव कापसाचे अडते.

“भाऊ, यंदा शंभर पाह्यजे. देवसिंगलेबी शंभर.”

“तुह्या वजनाच्या मानानं पंधराच लय झाले.”

“तुमी कुस्ती लावून राह्यले का कापूस घेऊन राह्यले? मले तराजूत कायले घालता?”

“मोठ्या पहिलवानाच्या नावावर तिकीट खपते गा.”

“अन् लोक उठून कवा जाते, ते फाटकावरच्याले इचारा.”

मला विचारलं. मी पाहिलं ते सांगितलं. “लोकायले काय समजते,” असं म्हणून सदाशिवराव पान लावायला लागले.

उकंडाने चार खेटे घातले. दर वेळी बाजाराच्या दिवसानंतर ये, हेच उत्तर. चौथ्या खेपेला कळलं, देवसिंगने वीस रुपयांत होकार दिला. उकंडा तडक तांड्यावर गेला.

“भाऊ म्हने, उकंडा पंधरातच तयार हाये,” देवसिंग म्हणाला. “मंग म्या वीस मांगतले.”

“म्या शंभराच्या खाली बोललोच नाई,” उकंडा म्हणाला.

त्या माघात दोघेही पांढरकवड्यात उतरले नाहीत. त्यांनी मुकुटबनला बाजाराच्या दिवशी एका पडीक वावरात आखाडा खणला. चार आणे तिकीट. उकंडाची बायको सत्यभामा तिकिटं विकायला बसली. त्यांची जोड सगळ्यात शेवटी लागली आणि तोवर कोणी जागचं हललं नाही. खर्च जाऊन दोघांना सत्तर-सत्तर रुपये उरले.

चौसष्टच्या पौषात सदाशिवराव स्वतः उकंडाच्या घरी आले. साठ रुपयांपासून बोलणी सुरू झाली. चहा निवून गेला तरी हिशेब मिटेना.

“मुकुटबनले सत्तर भेटले,” सत्यभामा आतून म्हणाली. “साठासाठी मुकुटबन कायले सोडाचं?”

शेवटी प्रत्येकी ऐंशीवर जमलं, आणि त्यांची कुस्ती सगळ्यात शेवटी लावायचं ठरलं. पत्रकं छापून आली तेव्हा वर दोन धिप्पाड पहिलवान ठळक अक्षरांत, आणि खाली मुंगीएवढ्या टायपात ही दोघं. उकंडा पत्रकासमोर उभा राहिला.

“शाईबी वजनावरच देते का बे हे?” तो मला म्हणाला.

त्या दिवशी देवसिंगने त्याला चीत केलं. फाटक शेवटपर्यंत बंद राहिलं, कोणी उठून गेलंच नाही. धिप्पाडांना साडेतीनशे मिळालेच.

एकोणसत्तरला गुडघा गेला आणि उकंडाने लंगोट सोडला. वाईट वाटतं का, असं मी विचारलं.

“कुस्तीचं वाटते,” तो म्हणाला. “भाऊच्या घरी खेटे घालाचं सुटलं, त्याचं नाई वाटत.”