अक्कानं न वाचलेला करार

दुपारची जेवणं आटोपली की मी सतरंजीवर आडवी होते. शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येत असते. आज ती लांब जाता जाता जात्याची होते, आणि जात्याशी अक्का बसलेली दिसते. माझी थोरली बहीण, इंदुमती. तिला जाऊन वर्ष होत आलं.

ती दळतेय, पण गात नाही.

"गा की, अक्का."

"नको बाई. सही केलीय मी."

तिच्या ओव्या ऐकायला गावोगावचे लोक यायचे. मग एक कॅसेट कंपनीवाला आला. गोड बोलला, करार पुढे केला, अक्कानं सही केली. पुढं कंपनीची नोटीस आली तेव्हा कळलं, ओव्या आता त्यांच्या झाल्या. तिनं गायच्या नाहीत. तेव्हापासून अक्का घरातसुद्धा कधी गुणगुणली नाही.

पीठ सांडतंय ते शाळेच्या फरशीवर. अक्का बाकावर बसलीय, पुढ्यात करार.

"मेल्यानं फसवलं तुला," मी म्हणते.

"नाही गं शालन. कागद माझ्या हातात होता, चष्मा नाकावर होता. वर्गात पहिली यायचे मी, वाचता येत नव्हतं थोडंच! पण तो एवढा पाया पडून बसलेला. त्याच्यादेखत वाचत बसले तर विश्वास नाही असं दिसेल, म्हणून नाही वाचला. चूक माझीच."

"मग नंतर तरी वाचायचास."

"लाज वाटली. ट्रंकेच्या तळाशी घातला."

तिच्या तेराव्यानंतर मी तो काढला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तिला सांगावं की नाही, मला कळत नाही.

भिंती पांढऱ्या होतात. दवाखान्यातल्या खाटेवर अक्का उठून बसते, माझा हात धरते.

"काय लिहिलंय गं त्यात?"

"स्टेजवर गायचं नाही. रेकॉर्डिंग करायचं नाही. एवढंच."

"आणि घरात?"

"घरात चालतं, अक्का."

ती माझ्याकडे बघत राहते. "म्हणजे जुईच्या बारशाला...?"

जुई तिची नात. बारशाला सगळ्या बायका गा, गा म्हणून मागं लागल्या होत्या, आणि अक्का आत जाऊन भांडी घासत बसली होती.

"चाललं असतं."

"तिला मांडीवर झोपवताना?"

"चाललं असतं गं."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकते.

"आता गा," मी म्हणते. "इथं कोण अडवतंय?"

ती तोंड उघडते. मिटते. पुन्हा उघडते.

"शब्दच येईनात गं, शालन," म्हणते आणि हुंदका न काढता रडत राहते.

"मावशी, चहा ठेवू?" अक्काची सून दारातून विचारते. मी उठून बसते. डोळ्यांना हात लावून बघते, तर ते कोरडे आहेत. डाव्या खांद्यावर मात्र पदर ओला झालाय, पार ब्लाउजपर्यंत. मी तिथं तळहात ठेवते. अजून कोमट लागतं.