जाळीत पहिला

"पयले मी पडाचो, मंग ते उडाचे."

असं म्हणून ते छातीवर दोन्ही हातांची घडी घालत आणि खुर्चीतच मागे रेलत. बोरगाव मेघेतल्या त्यांच्या ओसरीवरची ती प्लॅस्टिकची खुर्ची दोन पायांवर जायची. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज यायचा, "अवो, इथं जाळी नाई लावली!"

तुम्ही सर्कस पाहिली असेल, तर झुल्यावरची माणसं आठवत असतील. खालची जाळी बांधणारा आठवणार नाही. हे ते जाळीवाले. सिंदीला तंबू लागला तेव्हा खुंट्या ठोकायला गेले आणि सर्कशीबरोबरच निघून गेले. देशभर गाजलेल्या त्या सर्कशीत रोज खेळाआधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, ते झुल्याच्या उंचीवरून जाळीत पडत. तीनदा. एकदा मधोमध, मग दोन्ही टोकांना. जाळीने तिन्ही वेळा झेललं तरच झुलेवाले वर चढत. आर्वीत एकदा कडेची दोरी सुटली आणि यांचा खांदा निखळला. त्या दिवशीचा खेळ वेळेवर झाला.

पुढे जनावरं गेली, मग प्रेक्षक गेले. तंबू लहान होत गेला आणि शेवटी त्यात यांच्यापुरतीही जागा उरली नाही. ते घरी आले. कपडे वाळत घालायची दोरी असो की लग्नाच्या मांडवाची, दोनदा हिसका दिल्याशिवाय पुढे जात नसत.

सर्कस कायमची बंद झाली तेव्हा मी आमच्या पेपरात तिच्या इतिहासावर पानभर लेख केला. त्यासाठी तीन दुपारी ते बोलले. मागणं एकच होतं.

"माहं नाव नाई आलं तरी चालते. पण कोनीतरी पयले पडे, हे येऊ द्या पेपरात."

मी लिहिलं होतं. चार ओळी. ऐनवेळी जाहिरात आली आणि त्या मीच कापल्या. मालक राहिले, सिंह राहिले, झुले राहिले.

त्यांनी लेख दोनदा वाचला.

"जागा नव्हती," मी म्हणालो.

"अख्खं गाव मावे त्या तंबूत, भाऊ. तुमच्या पानात चार ओळी नाई मावल्या?"

त्यानंतर माझ्यासमोर ते कधी खुर्चीत रेलले नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात ते वारले. बातमी मीच दिली, 'सर्कशीतील जाळीवाले' अशी. छापून आलं, 'झुल्यावरील ज्येष्ठ कलावंताचे निधन'. डेस्कवर कोणाला तरी ते जास्त शोभून दिसलं असावं. दुरुस्ती द्यायला एक ओळ पुरली असती. मी दिली नाही.

भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने तीच खुर्ची पुढे केली. मी टेकून बसलो नाही. शेजाऱ्यांनी कौतुकाने फ्रेम करून दिलेलं त्या निधनाच्या बातमीचं कात्रण बाईंनी आतून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"जनमभर पडले ते," त्या म्हणाल्या. "मेल्यावर काऊन झुल्यावर चढवलं त्याइले?"